आग्नेतेच्या साठीचं गाणं

व्हेस्टरल्युंग, १८ ऑगस्ट २००६

प्रिय राग्ना,

तुझ्या बेटावरचं मीठ आणि स्ट्रॉबेरीचा मुरंबा पोचला. बरणी शाबूत आहे, म्हणजे टपालखात्यात अजून कोणीतरी म्हातारं माणूस टिकून आहे म्हणायचं.

आमच्याकडे सध्या लग्नघर आहे. नव्या वर्षापासून तीन नगरपालिकांनी एकत्र नांदायचं ठरलंय, आणि तिघांच्या लग्नात होतं तेच चाललंय. कोणाची खोली कुठली, कोणाचा कप कुठल्या कपाटात, यावरून रोज तोंडं फुगतात. सगळ्यांच्या खुर्च्या एकदा उचलून पुन्हा मांडणार आहेत. त्यात बांधकाम परवानग्यांच्या विभागाला नवा प्रमुख नेमायचाय. राग्ना, मी अर्ज केलाय. आयलर असता तर म्हणाला असता, माझ्या बहिणीला उशिरा का होईना, अक्कल आली. तुझा नवरा मला जन्मभर भित्री म्हणायचा, आठवतं ना?

गेल्या आठवड्यात आमच्या मोठ्या साहेबाने, कार्स्टनने, माझी 'ज्येष्ठ-भेट' घेतली. तुमच्या शाळेत हे फॅड होतं की नाही, ठाऊक नाही. पंचावन्न उलटली की साहेब वर्षातून एकदा कॉफी आणि गोड पाव घेऊन बसतो आणि मऊ आवाजात बोलतो.

"आग्नेते, आता तुला पुढे काय करावंसं वाटतं?"

"विभागप्रमुख व्हावंसं वाटतं."

"हो, ते कळलं. पण म्हणजे... वेळेचं वगैरे? शुक्रवारी सुट्टी? थोडी हलकी कामं?"

"मालेनेला विचारलंस हे?"

"मालेने चौतीस वर्षांची आहे."

"मग तिला शुक्रवार आवडत नाहीत वाटतं."

तो हसला आणि त्याने माझ्या बशीत आणखी एक पाव ठेवला. मालेने कोण ते सांगायला हवं. आमच्या विभागातली हुशार मुलगी. तिला मीच तयार केलंय. नकाशा उलटा धरायची, तिथपासून. गेल्या वर्षी नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला मी नाव दिलं होतं, पण पाठवलं तिला. ती परत येईपर्यंत तिची कामं मी केली.

तू म्हणशील, आता कशाला ही हौस? साठ पुरी झाली की सरकारच भत्ता देऊन घरी जा म्हणतं. अगं, पण आजवर दर वेळी प्रमुख आजारी पडला की मी गाडा ओढला, आणि नवा माणूस आला की माझ्या हातात फुलझाडाची कुंडी देऊन आभार मानले. खिडकीत आता कुंड्यांना जागा नाही. निदान एकदा तरी कोणीतरी म्हणावं, ही बाई आम्हाला हवी आहे. मला एवढंच हवंय, आणि फार हवंय.

आता एक फक्त तुला सांगते. जूनमध्ये बैठकीत मला डुलकी लागली. पुरती झोपले होते मी. आणि परवा होल्गर गवंडी समोर उभा, ज्याला मी कितीतरी घरांच्या परवानग्या दिल्या, आणि त्याचं नाव काही केल्या आठवेना. गुडघेही बोलायला लागलेत. कधी कधी वाटतं, सगळं सोडावं, तुझ्या बेटावर यावं आणि मधमाश्या पाळाव्यात. मग सकाळ होते आणि मी सायकलवर असते. हे कोणाजवळ बोलू नकोस. मी डॉक्टरलाही सांगितलेलं नाही.

तुझी
आग्नेते


लेसो, २ सप्टेंबर २००६

प्रिय आग्नेते,

गुडघे दुखतायत म्हणतेस आणि त्याच गुडघ्यांना बाशिंग बांधून बसली आहेस! वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली.

मी साठीला शाळा सोडली तेव्हा मुख्याध्यापकांनी केक आणला, मुलांनी झेंडे हलवले, आणि मी बोटीत बसून घरी आले. एक दिवस रडले. दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत झोपले. तिसऱ्या दिवसापासून शाळेचं नाव काढलं नाही. तुला वाटतं त्या लोकांना तुझी कदर आहे? अगं, नगरपालिका म्हणजे काय तुझं माहेर आहे का? घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. तू उद्या पडलीस तर परवा तुझ्या खुर्चीवर कोणीतरी कोट टाकलेला असेल. आयलरचं काय झालं? बंदराच्या कचेरीतच कोसळला, आणि चहापर्यंत त्याचं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. मी विसरलेली नाही.

बातमी अशी की शेजारचा फ्रेडे मुलाकडे राहायला गेला. घर रिकामं आहे. मागे रानफुलांचं मैदान, म्हणजे तुझ्या मधमाश्यांची सोय झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून माझी खिडकी दिसते. मी फ्रेडेच्या मुलाला म्हटलं, घाई करू नकोस, माझ्या मनात एक माणूस आहे.

पुढच्या महिन्यातल्या तुझ्या वाढदिवसाबद्दल मला काही विचारू नकोस. साठीच्या माणसाच्या पाठीमागे काय काय शिजत असतं ते त्याला सांगायचं नसतं. माझ्या तोंडाला कुलूप आहे.

इथे हवा छान आहे. जेवायला मात्र एकटीच असते. रेडिओ लावते.

तुझी
राग्ना


व्हेस्टरल्युंग, २० सप्टेंबर २००६

प्रिय राग्ना,

काल मुलाखत झाली. आणि सांगू? छान झाली!

समोर कार्स्टन होता, शेजारच्या पालिकेचा एक उंच गृहस्थ होता, आणि कर्मचाऱ्यांच्या वतीने एक बाई. मी निळा स्वेटर घातला होता. तिन्ही पालिकांचे नियम एकत्र कसे आणायचे, कुठली कामं आधी घ्यायची, हे सगळं मी बोलले आणि बोलता बोलता मला माझाच हेवा वाटला. एवढं मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग तो ठरलेला प्रश्न आला. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?

"इथेच, या खुर्चीत," मी म्हटलं. "पासष्टीची असेन, आणि तुम्हाला माझा कंटाळा आलेला असेल."

कार्स्टन इतक्या मायेने हसला की मला धीर आला. उंच गृहस्थही मनमोकळे निघाले. निघताना म्हणाले, "बेटांवरचं जीवन तुम्हाला आवडतं का हो?" मी म्हटलं, आवडतं तर, माझी वहिनी लेसोवर राहते. मुलाखतीत कोणी असं घरचं विचारलं म्हणजे मनातून पसंत केलेलं असतं, असं माझं मत आहे.

दुसरा अर्ज फक्त मालेनेचा आहे. तिने स्वतः येऊन सांगितलं. "वाईट वाटून घेऊ नकोस हं आग्नेते," म्हणाली. मी म्हटलं, वाईट कशाचं, शिकवलंय मीच, जिंकलीस तरी माझंच नाव. पण राग्ना, खरं सांगू का, ती जिंकलेली मला चालणार नाही. निर्णय माझ्या वाढदिवसानंतर कळेल.

फ्रेडेच्या घराचं म्हणशील तर, बाई गं, इतकी घाई नको. मी एकदा थकून काही लिहिलं म्हणजे सामान बांधलं असं होत नाही. फ्रेडेच्या मुलाला सांग, दुसरं गिऱ्हाईक बघ. आणि तू म्हणतेस त्यांना माझी कदर नाही. बघू या. मला तर वाटतं या वेळी आहे.

तुझी
आग्नेते


लेसो, ८ ऑक्टोबर २००६

प्रिय आग्नेते,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. कंबर धरली आहे. बोटीचा प्रवास झेपणार नाही, तेव्हा वाढदिवसाला मी येत नाही. लोकरीची शाल वेगळी पाठवली आहे.

काय होईल ते भल्यासाठीच होईल, एवढं मनाशी धर. आणि वाढदिवसाला तुझ्यावर रचलेल्या गाण्यात काही वेडंवाकडं आलं तर हसण्यावारी ने. ती थट्टा असते. तुला मजेतलं कळतं, म्हणून सांगते.

तुझी
राग्ना


व्हेस्टरल्युंग, १७ ऑक्टोबर २००६

राग्ना,

गाण्यात काय येणार आहे हे तुला आधीच कसं ठाऊक होतं?

सगळं सांगते, म्हणजे तुला चुकवायला जागा राहणार नाही. शनिवारी सभागृहात टेबलांवर झेंडे, थरांचा केक, प्रत्येकाच्या बशीजवळ रिबीन बांधलेली गाण्याची गुंडाळी. सगळं रीतीप्रमाणे. तिन्ही पालिकांचे लोक आले होते. होल्गर गवंडीसुद्धा आला होता, कोट घालून. चाल शाळेतली, सगळ्यांना येणारी. गाणं मालेनेने रचलं होतं. पहिली दोन कडवी माझ्या सायकलीवर आणि खिडकीतल्या कुंड्यांवर. मी मोठ्याने गात होते. आणि मग हे आलं:

बैठक आली रंगात, आग्नेते गाढ झोपेत;
गवंड्याचं नाव विचारा, ठेवलंय म्हणे टोपीत!

साठ माणसं हसली. होल्गरने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बैठकीतली डुलकी तिथल्या एक-दोघांनी पाहिली असेल, पण होल्गरचं नाव? ते मी कोणाला सांगितलं होतं? मी गातच राहिले, कारण ज्याचं गाणं असतं त्याला थांबता येत नाही. पुढचं कडवं:

नव्या वर्षी आग्नेते निघाली हो बेटाला,
फ्रेडेचं घर, मधमाश्या, राग्ना उभी भेटीला!

मग सगळे उभे राहिले आणि माझ्या नावाने तीन-तीनदा हुर्रे केलं. हुर्रे चालू असताना चेहरा कसा ठेवायचा असतो तुला माहीत आहे. मी तसाच ठेवला. कार्स्टन भाषणाला उठला आणि म्हणाला, "आग्नेतेने आपल्या पुढच्या आयुष्याचं स्वतःच इतकं सुंदर ठरवलंय, की आम्हाला अवघड निर्णय अवघड राहिलाच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल पांघरून बसले होते. तुझी.

सोमवारी त्याने बोलावलं. पद मालेनेला.

"तुला वाईट नाही ना वाटलं?" म्हणाला. "आम्हाला तर वाटलं तुझी सुटका झाली."

"सुटका कशातून? मी अर्ज केला होता, कार्स्टन."

"हो, पण ते तर... म्हणजे तू सौजन्य म्हणून केलास, असं आम्ही समजलो. तुझ्या घरच्यांकडूनच कळलं होतं. मालेनेने गाण्यासाठी तुझ्या वहिनीला फोन केला होता ना. थकली आहे, विसरायला लागली आहे, नव्या वर्षी इकडे येतेय, घर बघून ठेवलंय."

"कधी केला होता फोन?"

"ऑगस्टच्या शेवटी."

वाढदिवसाची गाणी लोक आदल्या आठवड्यात रचतात, राग्ना. तू शाळेत कितीतरी रचलीस. ऑगस्टमध्ये कोण फोन करतं? मुलाखतीला मी निळा स्वेटर घालून बसले, पाच वर्षांचं बोलले, तेव्हा समोरच्या तिघांना आधीच माहीत होतं की ही बाई बेटावर चालली आहे. ते मायेने हसले. मला वाटलं, पसंत पडले.

मला फक्त एवढं लिही की तू हे बोलली नाहीस. किंवा बोललीस पण चेष्टेत. मी विश्वास ठेवीन. मला ठेवायचाच आहे.

आग्नेते


लेसो, २३ ऑक्टोबर २००६

प्रिय आग्नेते,

खोटं लिहिता येणार नाही. बोलले मी.

मुलीचा आवाज गोड होता. म्हणाली, आम्हाला आग्नेते फार आवडते, तिच्या गमती सांगा ना. रीतच आहे ती. गाण्यासाठी घरच्यांना विचारतात, घरचे सांगतात, आणि ज्याचा वाढदिवस त्याला पत्ता लागू द्यायचा नसतो. तुझं पत्र समोर टेबलावरच होतं. मी डुलकीचं सांगितलं, होल्गरचं सांगितलं. ती हसली, मी हसले. किती दिवसांनी कोणीतरी इतका वेळ माझ्याशी बोलत होतं. मग ती म्हणाली, म्हणजे आता ती नोकरी सोडणार का हो? आणि मी म्हटलं, सोडणारच, नव्या वर्षाला इकडे येणार, घर तयार आहे.

का म्हटलं? कारण मला तसं व्हायला हवं होतं. बोलताना मला ते खरंच वाटलं. तू इथे खिडकीत दिसशील, संध्याकाळी दोन ताटं वाढीन, हे मी उन्हाळाभर मनात घोकत होते. आणि तूच तर लिहिलं होतंस मधमाश्यांचं. मी हवेतून नाही काढलं.

आणि आता राग सोडून जरा बघ. झालं ते वाईट झालं का? त्या खुर्चीने तुला खाल्लं असतं, जसं आयलरला खाल्लं. साठी उलटल्यावर माणसाने कोणाला काय सिद्ध करून दाखवायचं? ये इकडे. फ्रेडेच्या मुलाने घर अजून कोणाला दिलेलं नाही.

तुझी, खरंच तुझीच,
राग्ना


व्हेस्टरल्युंग, १२ नोव्हेंबर २००६

राग्ना,

फोनवर बोललीस ते मी माफ केलं असतं. गोड आवाज, रिकामं घर, रीत, सगळं समजते मी. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली, तेवढंच असतं तर मी चार दिवस फुगले असते आणि नाताळला आले असते.

पण त्यानंतर मी तुला वीस सप्टेंबरचं पत्र लिहिलं. दुसरा अर्ज मालेनेचा आहे असं त्यात होतं. म्हणजे ज्या मुलीला तू हसत हसत सगळं दिलंस ती माझ्याच पदाच्या मागे आहे, हे तुला त्या दिवशी कळलं. बेटांबद्दल कोणी विचारलं तेही मी लिहिलं होतं, वेड्यासारखं खूश होऊन. तू शाळेत मुलांना शिकवलेली बाई आहेस, तुला ते एका वाचनात समजलं असणार. निर्णय व्हायचा होता. कार्स्टनला एक फोन करायचा होता: माझं चुकलं, ती कुठे जात नाही. कंबर धरली तरी फोन उचलता येतो. तू तीनदा लिहायला बसलीस आणि तीनदा उठलीस, आणि शेवटी मला कळवलंस की होईल ते भल्यासाठी होईल. कोणाच्या भल्यासाठी, राग्ना?

ज्याच्या मांडीवर मान ठेवावी त्यानेच केसाने गळा कापावा, तसं झालं. कार्स्टनचं मला विशेष वाटत नाही. साठी, बुद्धी नाठी, असं जग समजतंच. तो तेच समजला. मालेनेचंही नाही. तिला पद हवं होतं आणि ते मिळवायचं कसं हे तिला मी शिकवलं नव्हतं, ते ती स्वतः शिकली. मला वाटतं ते तुझं. माझं थकणं मी जगात एकाच माणसाला दाखवलं होतं.

इथली हकीकत सांगून टाकते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. मी कार्स्टनला सांगितलं की मी नव्या वर्षी जात नाही. तो गडबडला. एकत्रीकरणात जागा कमी करायच्या होत्या, त्यात माझी जागा त्यांनी आधीच धरून टाकली होती. "पण तू तर निघाली होतीस," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, जणू मीच शब्द फिरवला. कर्मचाऱ्यांच्या संघटनेची बाई भांडली म्हणून नोकरी राहिली. पण विभागात नाही. जुन्या इमारतीच्या तळघरात तिन्ही पालिकांचे जुने नकाशे एकत्र लावायचं काम दिलंय. दाराला माझं नाव नाही, आणि शुक्रवारी सुट्टी आहे, न मागता. तिथे दिवसभर कोणी येत नाही. मी सकाळी दिवा लावते आणि कधी कधी कोट न काढताच बराच वेळ बसून राहते. मी रडले, राग्ना. माझ्या कामाच्या जागी मी कधी रडले नव्हते.

निवृत्त हो म्हणशील. नाही होणार. पद गेलं ते गेलं. पण मी दमले आहे की नाही हे यापुढे मी ठरवीन.

नाताळला मी येत नाही. तुझ्याशी भांडणही धरणार नाही, आयलरची तू बायको होतीस आणि मला दुसरं कोणी नाही. पत्रं मी लिहीन. पण आतलं काही लिहिणार नाही. ते लिहायची माझी हिंमत आता उरलेली नाही.

आग्नेते


लेसो, १० डिसेंबर २००६

प्रिय आग्नेते,

फ्रेडेचं घर एका जोडप्याने घेतलं. उन्हाळ्यापुरतं येणार म्हणे. आता खिडकीत अंधारच असेल.

मी कार्स्टनला पत्र लिहिलं. उशीर झाला हे कळतं. त्याचं उत्तर आलं नाही.

मी एक फोन करायला हवा होता. रोज त्या फोनकडे बघते. तू हवं तर मला चार शिव्या लिहून पाठव, मी त्या दोनदा वाचीन. पण गुडघे कसे आहेत ते कळव. तळघरात थंडी लागते का? नीट झोपतेस का? तुझं काहीतरी लिही.

राग्ना


व्हेस्टरल्युंग, १९ डिसेंबर २००६

प्रिय राग्ना,

पत्र पोचलं. इकडे यंदा अजून बर्फ नाही. पाऊस आहे, वारा पश्चिमेचा आहे. चौकात नाताळचं झाड उभं केलंय, गेल्या वर्षीपेक्षा थोडं लहान आहे. दिवस लवकर मावळतो.

मी बरी आहे. तुम्हा बेटावरच्या सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा.

आग्नेते